विसावी चूल

बोरकुटे सरांचा स्वतःच्या सहीवरही विश्वास नव्हता. सही केली की शर्टाच्या खिशातून भिंग काढायचे, आदल्या पानावरची सही बघायचे, मग ही बघायचे, आणि दोन्ही जुळल्या तरी मान हलवायचे. "याच्यात काईतरी गोम हाय," म्हणायचे. सही त्यांची, पेन त्यांचा, मग गोम कोणाची ते आम्हाला कधी कळलं नाही.

धानोऱ्याला आमच्या ज्युनियर कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवायचे. हजेरीला 'हजर' ऐकून भागत नसे, मान वर करून तोंड बघणार. चहा डोळ्यांसमोर उकळला तरच प्यायचे. शिपाई म्हणाला, "सर, पाऊस येऊन राह्यला," तर आधी खिडकीतून हात बाहेर काढणार, तो भिजला की मग छत्री शोधणार.

मी बारावीत गेले त्या सुमारास पर्यावरणाचा प्रकल्प नवीनच सक्तीचा झाला होता. त्यावर सरांची सही नसली तर परीक्षेचं अडणार, म्हणजे वर्षच जाणार. अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. मला नर्सिंगला पाठवायला ते मोठ्या मुश्किलीनं हो म्हणाले होते. एक वर्ष गेलं असतं तर तो विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नसता.

वर्गातल्या बहुतेकांनी कुठूनतरी 'कारखान्यांमुळे होणारे जलप्रदूषण' उतरवून काढलं. आमच्या आसपास औषधालाही कारखाना नव्हता. "तूबी उतरवशील," सर मला म्हणाले. ते मला झोंबलं. मी विषय घेतला, घरच्या चुलीला सरपण किती लागतं. सरांची अट एकच, वीस कुटुंबं पाहिजेत, एकही कमी चालणार नाही.

आठ किलोमीटरवर गोंडांचं एक गाव होतं, मोजून वीस घरांचं. दिवाळीच्या सुट्टीत मी रोज सायकल हाणत गेले. प्रयोगशाळेतल्या ताणकाट्यावर मोळ्या तोलल्या, प्रत्येक घराचा फॉर्म भरला, खाली सही नाही तर अंगठा घेतला. पायाचे तुकडे पडले, पण एक आकडा खोटा लिहिला नाही.

सरांनी फाईल उघडली आणि भिंग काढलं.

"चार मंगरू?"

"सर, तिथं मंगळवारी जन्मला की मंगरू ठेवतात."

"आन् बाकीच्या दिवशी गाव झोपते काय?"

मग त्यांनी शाईचा पॅड पुढे सरकवला. माझा अंगठा घेतला आणि फॉर्मांवरच्या एकेका अंगठ्याशी ताडून पाहिला. माझा नव्हता. सर चांगलेच हिरमुसले. मला इतका राग आला होता की शाई मी मुद्दाम त्यांच्या टेबलालाच पुसली. माझ्यावर यांचा डूख आहे, सही द्यायचीच नाही म्हणून हे चाललंय, याबद्दल माझी खात्री पटली.

तेवढ्यात त्यांनी दोन फॉर्म बाजूला काढले. "सात नंबर आन् सोळा नंबर. दोन घरं, अंगठा एक. काऊन?"

मी सांगितलं की सोळा नंबरचा घरधनी जंगलात गेला होता, म्हणून त्याच्या थोरल्या भावानं, मंगरूनं, माहिती दिली. सरांनी फाईल बंद केली. रविवारी ते स्वतः सायकलनं त्या गावी गेले.

सोमवारी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. "मंगरू खरा हाय. दोन झोपड्याबी खऱ्या. पण चूल एक हाय. दोघं भाऊ एका चुलीवर जेवतात. तिथी घर दारानं मोजत नाईत, चुलीनं मोजतात. तुले इचारता नाई आलं?"

नव्हतं विचारलं. मी दारं मोजली होती. म्हणजे कुटुंबं एकोणीस, आणि फायली दुसऱ्या दिवशी जमा व्हायच्या होत्या. मी तिथंच रडले. सगळ्यात वाईट याचं वाटलं की सर बरोबर होते.

सरांनी फाईल माझ्यापुढं सरकवली. "संध्याकाळी घरी ये," म्हणाले. "बापाले घेऊन ये. एकटी येऊ नोको, लोकं काईबी बोलतात."

अब्बांना वाटलं, सर तक्रार करणार. मला वाटलं, माझ्याकडून माफीनामा लिहून घेणार आणि साक्षीला बाप हवा.

सरांनी आम्हाला थेट परसात नेलं. छपराखाली लाकडं रचलेली होती आणि प्रत्येक लाकडावर खडूनं नंबर होता. शेजारी लाकडं उचलतो असा त्यांना संशय होता. गॅस त्यांनी घेतलाच नव्हता. "सिलिंडरच्या आत काय हाय ते कोणं पाह्यलं?" एका वहीत तीन वर्षांचं रोजचं जळण किलोत लिहिलेलं.

"हे विसावी चूल," सर म्हणाले. "तपासून घे. माह्यावर विश्वास ठेवू नोको."

मी ठेवलाच नाही. सगळा वचपा काढला. नंबर ओळीनं तपासत गेले. "एक्केचाळीस कुठी हाय?"

"सकाळी जळला." त्यांनी वही पुढे केली. त्या दिवसाच्या रकान्यात एक्केचाळीस होता. सर खूश दिसले, बहुधा कोणीतरी पहिल्यांदाच त्यांना नीट तपासत होतं म्हणून.

मग चुलीपुढं बसून मी फॉर्म भरायला घेतला. अब्बा दाराशी बसले.

"कुटुंबातील माणसं?"

"एक."

"सरपण कोण आणतं?"

"मी."

"स्वयंपाक?"

"मीच."

"घरात आजारपण आलं तर सरपण कोण आणतं?"

त्या गावात या प्रश्नाला लोक हसायचे. शेजारी आणतील, त्यात काय विचारायचं, म्हणायचे. सर हसले नाहीत. चुलीतली राख काडीनं उकरत राहिले.

"कोणी नाई, लिही."

माझ्यानं लिहवेना. मी पुढच्या प्रश्नाकडे वळले.

"रकाना कोरा काऊन ठेवला?" सर म्हणाले. "कोरा ठेवला तं मागून कोणीबी काईबी भरते."

"सर, माहं नाव लिहा न," अब्बा दारातून म्हणाले. "रशीद, सायकलवाला. जवळच तं हाय आपलं दुकान. आवाज द्याचा फक्त."

सरांनी वळून पाहिलं. "तुमचा याच्यात काय फायदा?"

"काई नाई."

सर अब्बांकडे बघतच राहिले. ज्या नजरेनं माझे आकडे तपासले होते तीच नजर, पण या वेळी तिच्यात काहीतरी केविलवाणं होतं. इतके दिवस या माणसाला मनातल्या मनात शिव्या दिल्याची मला लाज वाटली.

"लिही मंग," शेवटी ते मला म्हणाले. "पण पेन्सिलनं लिही. खरं निघालं तं पेननं करू."

एरवी मला हसू आलं असतं. मी पेन्सिल घेतली आणि अब्बांचं नाव लिहिलं, पण चांगलं दाबून लिहिलं.