खिडक्या लावणाऱ्यांचा रकाना

स्पेनच्या उत्तरेतल्या आरांत्सुरी या आमच्या बास्क गावात, बास्क स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या जुन्या सशस्त्र संघटनेवरच्या थरारमालिकेचं चित्रीकरण ठरलं. परवानगी देण्यापूर्वी नगरपालिकेने रीतसर प्रतिनिधित्व समिती नेमली. अध्यक्ष इराचेबाई, सचिव मी. कोणत्याही समाजघटकावर अन्याय होऊ नये, एवढाच आमचा उद्देश होता.

पटकथेत कटवाले चौघं होते. समितीने हरकत घेतली. बास्क प्रांत सात, मग माणसं चार कशी?

"अहो बाई, त्यांना छोट्याशा गाडीतून पळून जायचंय," माद्रिदहून आलेला दिग्दर्शक बोर्हा गयावया करू लागला.

"मोठी गाडी घ्या. आणि त्यातले तिघं फ्रान्सच्या बाजूचे हवेत."

सात जण झाले. प्रत्येकाकडून चार पणजोबा आणि चार पणज्या यांची मिळून आठही आडनावं बास्क असल्याचा दाखला घेतला. माणूस किती अस्सल, ते आमच्याकडे असंच मोजतात. जो तो आपापल्या प्रांताची बोली बोलणार, त्यामुळे बॉम्ब कुठे ठेवायचा हे त्यांचं त्यांनाच कळेना. मग कटात एक दुभाष्या घातला. बायका निम्म्या झाल्या, दोघं शाकाहारी झाले. गुप्त कामगिरीवर निघालेली मंडळी लग्नाच्या वऱ्हाडासारखी दिसू लागली आणि समितीने समाधान व्यक्त केलं.

अशात एक दिवस गार्बिन्ये कचेरीत आली. तिचा नवरा कासिमिरो आमचा टपालवाला. तो खबऱ्या आहे अशी कुणीतरी आवई उठवली आणि सत्त्याऐंशी साली संघटनेने त्याला भरदुपारी चौकात गोळ्या घातल्या. पटकथेत तो 'टपालवाला, मृत' एवढाच होता.

"त्याचं नाव घ्या," ती म्हणाली. "या गावात ते कुणी मोठ्याने घेत नाही. निदान टीव्हीवर तरी ऐकू दे मला."

इराचेबाईंनी यादी पुढे ओढली. "आडनाव काय त्यांचं?"

"पुलिदो. एक्स्त्रेमादुराचा होता तो."

"म्हणजे आठांतलं एकही आपलं नाही. वहिनी, तुम्हीच सांगा, मी यात काय करू? मेलेल्यांचा रकानाच नाही इथे."

"मग जिवंतांचा करा. तासभर पडला होता तो चौकात. मी हाका मारत होते आणि वरच्या खिडक्या पटापट लागत होत्या. ती माणसं दाखवा. ती तर सगळी आठ-आठ आडनावांची."

मुद्दा नियमात बसत होता, त्यामुळे समितीचा नाइलाज झाला. बोर्हाला तर दृश्य फारच आवडलं. गार्बिन्ये नवऱ्याला नावाने हाका मारते आणि वर खिडक्या लागतात, असं त्याने त्याच दिवशी लिहून काढलं. आडवा आला तो आमचाच नियम: ज्या घटकाची भूमिका, त्याच घटकातला माणूस. नगरपालिकेच्या फलकावर सूचना लागली, 'त्या दुपारी खिडकी लावलेल्या नागरिकांनी ओळखपत्रासह अर्ज करावा.'

अतिरेक्यांच्या सात जागांसाठी दोनशे अर्ज आले होते. या जागेसाठी एकही आला नाही. चौकाभोवती चाळीस खिडक्या आहेत. पण त्या दुपारी निम्मा गाव म्हणे दंतवैद्याकडे होता आणि उरलेला सासुरवाडीला. बेकरीवाला म्हणाला, मी तर धावत खाली गेलो होतो, तुम्ही कुणी पाहिलं नाही एवढंच. त्याचं ऐकून 'धावून गेलेले शेजारी' असा नवा रकाना उघडावा लागला आणि तो दोन दिवसांत भरला.

मुदत संपल्यावर ठराव झाला: खिडकी लावणारा घटक गावात अस्तित्वात नाही, सबब दृश्य वगळावे. दृश्याबरोबर नावही गेलं. मालिकेत आता टपालवाल्याची बदली होते.

"बदली?" गार्बिन्येने मला विचारलं. "कुठे झाली हो?"

मी ठरावाची प्रत तिच्या हातात दिली. खाली सही माझीच होती. त्या चौकात दुसऱ्या मजल्यावर माझं घर आहे. माझी खिडकी मी सावकाश लावली होती, तिला आवाज जाऊ नये म्हणून. मला लाज वाटते, पण अर्ज मी केला नाही.

तुम्ही मात्र खाली गेला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. धावून गेलेल्यांच्या यादीत आजवर तीनशे बारा नावं झाली आहेत. तुमचंही घालून टाकतो.