गुरवकाकांचा कौल

गुरवकाकांना काही विचारायचं असेल तर आधी मान पुढे करावी लागे. मग ते फ्रिजमधल्या बाटलीतलं पाणी मानेवर शिंपडत. अंगावर शहारा आला तर प्रश्न मंजूर, नाही तर "खलास. देवाची इच्छा नाय. फुडल्या शुक्रवारी ये." बहरीनच्या ऑगस्टात गार पाण्याने कोण शहारणार? उलट बरंच वाटे. गरजू माणसं शहारल्याचं सोंग आणत आणि काका ते बरोबर ओळखत.

ही रीत थेट ग्रीसची. काका एसी मेकॅनिक, आणि जहाजदुरुस्तीच्या यार्डातला त्यांचा फोरमन ग्रीक. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं असल्याने गप्पा छान रंगत. त्याने सांगितलं, आमच्याकडे पूर्वी डेल्फीच्या डोंगरात एक देऊळ होतं. तिथे तिपाईवर बसलेल्या बाईच्या तोंडून देव बोले आणि राजेसुद्धा लढाईला निघण्याआधी तिला विचारायला येत. पण त्याआधी बोकडावर गार पाणी टाकायचं. तो थरथरला नाही तर देव त्या दिवशी बोलणार नाही.

काका उडालेच. कुडाळकडच्या त्यांच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या ग्रामदेवीची पूजा त्यांच्या घराकडे. तेही देवीला कौल लावत. पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. खोलीवर येऊन मला म्हणाले, "आणि आमचोय बोकड आंग झाडता रे इनास! म्हंजे ते आमचेच पावणे." हिवाळ्यात तो ग्रीक देव तीन महिने देऊळ सोडून जाई, हे मात्र काकांना झोंबलं. "वर्साक तीन म्हयने लिव! आमका दोन वर्सांनी दोन."

तेव्हापासून माहूज वस्तीतल्या आमच्या खोलीत दर शुक्रवारी दरबार भरू लागला. एका ड्रायव्हरने विचारलं, कंपनी बदलू का? काका डोळे मिटून म्हणाले, "जातलो तो आपणाक घेवनच जातलो." ड्रायव्हर डोकं खाजवत गेला आणि त्याच कंपनीत राहिला. मी वसईचा ख्रिस्ती. असल्या गोष्टींना हसणारा, पण मान मीही पुढे केली. बायकोला इकडे आणू का? काकांनी पाणी शिंपडलंच नाही. "तिका इचारलंस काय?" विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा ती नको म्हणाली.

स्वतः काका मात्र घरी जात नव्हते. त्यांचा एकुलता एक मुलगा बाबल मालवाहू जहाजावर खलाशी होता. आखातात युद्ध चालू होतं, जहाजांवर मारा होई. त्याचं जहाज पेटून बुडालं. वाचलेल्यांत बाबल नव्हता आणि सापडलेल्या प्रेतांतही नव्हता. गावाकडून कोणी आलं की काकांच्या बायकोची कॅसेट येई. एकाच खोलीत राहणारी माणसं आम्ही, मलाही ती ऐकावी लागे. "घराक येवा. देवीक कौल लावा. बाबल आसा काय नाय, येकदा कळांदे." कौल लावण्याचा मान घरातल्या थोरल्याचा, म्हणजे काकांचा. धाकट्या दिराने लावलेला कौल ती मानायला तयार नव्हती.

लिव साठली होती, कंपनी तिकीट द्यायला तयार होती. एकदा मी चिडलोच. "काका, जा ना. ती माउली झुरतेय तिकडे. उजवा कौल पडला तर?"

काकांनी एसीचं फिल्टर पुसता पुसता सांगितलं, "पडाचो नाय. वाचलेलो येक खलाशी हयच्या हॉस्पिटलात होतो. मी तेका भेटलंय. बाबल इंजिनरूमात होतो. दार उघडाकच नाय."

आमच्या धर्मात अशा वेळी म्हणायची प्रार्थना आहे. ती मला आठवेना.

मी सुट्टीवर निघायच्या आधीचा शुक्रवार. सकाळी कपडे वाळत घालून आत आलो तर काका टेपरेकॉर्डरसमोर ताठ बसले होते. रेकॉर्डिंग चालू होतं.

"गो, ऐकतंस मा? हय देवीच्या नावान नारळ मांडलंय. कौल लावलंय. उजवो दिल्यान. बाबल जितो आसा. तू जेवत जा."

खोलीत नारळ नव्हता, पाकळी नव्हती. लोकांना कधी सरळ उत्तर न देणाऱ्या माणसाने जन्मात एकदा सरळ उत्तर दिलं होतं, आणि तेही देवीच्या नावाने खोटं. कॅसेट गावी पोचवायला त्यांनी माझ्या हातात दिली. मला रडू आलं, त्यांना नाही. दार वाजलं. बाहेर प्रश्नवाले जमले होते. काकांनी त्यांना परत पाठवलं आणि पुन्हा कधीच दरबार भरवला नाही.

मी परतल्यावर काही दिवसांनी तिची कॅसेट आली. आवाज इतका हलका झालेला की मी आधी ओळखलाच नाही. आता ती पोटभर जेवत होती. देवीची ओटीही भरून आली होती.

"तुमी आता येवू नकात," ती म्हणत होती. "थयच रवा. बाबल बंदरात उतारलो, तर तेका आपला कोण तरी दिसाक होया."

काका तिथेच राहिले.