शाल पांघरलेला संगणक

मुलांनो, तुमच्यातल्या कुणीतरी परवा चुकीचं घडताना सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तोंडातून शब्द काढला नव्हता. नाव मी घेणार नाही. ज्याचं त्याने ओळखावं आणि मान खाली घालून ही गोष्ट ऐकावी. मान आधीच खाली असेल, तर मोबाइल बाजूला ठेवावा.

एका जंगलात एक नदी होती. तिच्यावर वरच्या जंगलात धरण होतं. वरच्यांना वाटेल तेव्हा ते धरणाचे दरवाजे उघडत आणि खालच्यांची बिळं वाहून जात. म्हणून खालच्यांनी एक संगणक आणला. तो नदीवर लक्ष ठेवी, पाणी किती वेगाने चढेल याचा हिशेब करी आणि वेळेवर भोंगा वाजवी. भोंगा वाजला की सगळे उंचावर पळत.

चांगली गोष्ट होती की नाही? होती. मग तिचं उद्घाटन झालं.

त्या जंगलात शाल-श्रीफळाशिवाय पान हलत नसे. गवा महाराजांनी संगणकापुढे नारळ ठेवला आणि भरजरी शाल त्याच्या अंगावर पांघरली. आता रीत अशी की, फोटो निघाला की सत्कारमूर्ती आपली शाल आपणच उतरवतो, घडी करतो आणि मांडीवर ठेवतो. संगणकाला हात नव्हते. मांडीही नव्हती. शाल तशीच राहिली. गरम हवा बाहेर टाकायची जाळी शालीखाली झाकली गेली. आतला पंखा बिचारा फिरफिर फिरे आणि तीच गरम हवा घुसळत बसे.

संगणक तापू लागला. त्याचा प्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारं डोकं, इतका तापे की भर दुपारी संगणक आपोआप बंद पडे.

नदीकाठी साळू नावाची साळिंदर राहायची. तिला दोन पिल्लं होती. त्यांचे काटे अजून मऊ होते. बीळ खोल होतं, पिल्लांना वर चढता येत नव्हतं, आणि त्यांना ओढून काढायला शेजाऱ्यांचा हात लागे. शेजारी प्रेमळ होते. पण भोंगा वाजल्याशिवाय ते जागचे हलत नसत. भोंग्याआधी ‘पूर आला’ म्हणणं ही त्या जंगलात अफवा समजली जाई.

एकदा भोंगा वाजलाच नाही. पाणी साळूच्या उंबऱ्याला लागून परत गेलं. ती तडक दरबारात गेली.

“महाराज, ती शाल काढा. यंत्र गुदमरतंय.”

शाल सगळ्यांना दिसत होती. सगळे छताकडे बघू लागले. दरबार वडाखाली भरायचा, छत नव्हतंच. तरी बघू लागले.

“साळूबाई,” महाराज मऊ आवाजात म्हणाले, “शाल आम्ही घातली आहे.”

“म्हणूनच तुम्हाला सांगते, तुम्हीच काढा.”

“घातलेली शाल परत काढून घ्यायची? आमच्या घराण्यात असा दरिद्रीपणा कुणी केला नाही. उदाजी, तुमचं काय म्हणणं?”

उदाजी म्हणजे संगणक सांभाळणारं उदमांजर. खूप शिकलेलं. त्याला उत्तर ठाऊक होतं. पण त्याची नेमणूक अजून कायम व्हायची होती.

“महाराज,” तो म्हणाला, “हा प्रश्न सॉफ्टवेअरचा आहे.”

दरबाराच्या जिवात जीव आला. सॉफ्टवेअर फार सोयीचं असतं. ते दिसत नाही, त्यामुळे त्याच्यावर कुणी काही पांघरलेलं नसतं.

मग रंगनाथ सरडा आला. त्याच्याकडे तापमान उतरवणारं ‘गारवा’ नावाचं सॉफ्टवेअर होतं. पडद्यावर मोठा लाल गोल होता, आत तापमानाचा आकडा. सरड्याने बटण दाबलं. गोल पिवळा झाला. मग हिरवा झाला. सरडाही सोबत हिरवा झाला. टाळ्या पडल्या.

“हे नेमकं करतं काय?” साळूने विचारलं.

“काही नाही हो मावशी. प्रोसेसरला सांगतं, बाबा, दमानं घे. जो धावतो तो तापतो. जो बसतो तो गार.”

“आणि भोंगा?”

“वाजणार की! वाजणार नाही असं मी म्हटलं का?”

“पण केव्हा?”

“मावशी, तुम्हाला तापमान कमी हवं होतं. केलं. आता रोज नवी तक्रार काढू नका.”

सरड्याचाही शाल देऊन सत्कार झाला. त्याने ती तिथल्या तिथे घडी करून काखेत मारली. त्याला हात होते.

पुढे एका कोरड्या, कडक उन्हाच्या दुपारी नदी अचानक गढूळ झाली. फेस आला. काटक्या गरगरत वाहू लागल्या. साळूने ओळखलं, वर दरवाजे उघडले. ती शेजारच्या घुशीकडे धावली.

“ताई, चल लवकर! पिल्लं वर काढायचीत.”

“भोंगा कुठे वाजला?” घूस म्हणाली. “उगाच घाबरवू नका हो साळूताई.”

साळू धापा टाकत संगणकापाशी पोहोचली. गोल हिरवागार. त्याच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘पाण्याचा हिशेब चालू आहे. कृपया वाट पाहा.’ उदाजी वाट पाहत होता.

“बंद कर तो गारवा!”

“बंद केला तर हिशेब संपायच्या आत यंत्र तापून बंद पडेल. वर शाल आहे.”

“मग शाल काढ!”

“शाल काढली तर मी जाईन.”

“माझी पिल्लं जातील रे मेल्या! तू बटण दाब. शालीचं मी बघते.”

तिने शाल दातांत धरली आणि ओढली. शाल तिच्याच काट्यांत अडकून टर्रकन फाटली. उदाजीने डोळे मिटून बटण दाबलं. पंख्याने मोकळा श्वास घेतला. गोल पिवळा झाला, हिशेब सुटला, आणि भोंगा असा कोकलला की माकडं झाडावरून पडली.

भोंगा ऐकताच शेजारी खरोखरच धावले. घुशीने एक पिल्लू ओढलं, साळूने पोहोचून दुसरं. मागोमाग पाण्याने बिळाचं तोंड बुजवलं. पिल्लांची शेपटं तेवढी भिजली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. सरड्याने अहवाल वाचला: पुराच्या दिवशी तापमान आटोक्यात होतं आणि भोंगा वेळेवर वाजला, दोन्हींचं श्रेय ‘गारवा’ला. महाराजांनी उदाजीकडे पाहिलं. उदाजीने छताकडे पाहिलं. त्याची नेमणूक त्याच दिवशी कायम झाली.

संगणकाचा पुन्हा सत्कार झाला. या वेळी शाल लोकरीची होती, दुहेरी, फाटू नये अशी. राजवस्त्राची विटंबना केल्याबद्दल साळूला नदीकाठ सोडायचा हुकूम झाला. तो ऐकायला ती नव्हतीच. ती पिल्लांना घेऊन टेकडी चढत होती.

तात्पर्य: यंत्र तापलं तर त्याचं काम बंद करावं, राजा तापला तर आपलं तोंड. खरं बोलायची फारच हौस असेल, तर आधी टेकडीवर जागा बघून ठेवावी.

हे तात्पर्य ऐकायला घूस थांबली नाही. ती साळूच्या मागे धावत टेकडीच्या अर्ध्यावर पोहोचली होती.

“साळूताई, बीळ सोडताच आहात, तर माझ्या भाचीला सांगू का? नवीनच लग्न झालंय हो तिचं. नदीकाठी जागा मिळते कुठे हल्ली? आणि आता तर भोंगाही वेळेवर वाजतो!”