सातव्या मजल्यावरचा बांबूपट्टा

ऑगस्टच्या उकाड्यात बहरीनमध्ये स्वेटर घालून दार उघडणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या सनाबिसच्या इमारतीत सातव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणारे खानोलकरकाका.

बाहेर डांबराला चपला चिकटतात, आणि हे आत कानटोपी घालून चहा पीत बसलेले.

"या, या. दार लावा पटकन. केळीपट्ट्यातली हवा आत येतेय."

हे पट्टे कळल्याशिवाय काका कळत नाहीत. उमेदीची वर्षं त्यांनी केनियात काढली. विषुववृत्ताला खेटून असलेल्या डोंगराच्या उतारावर चहाची फॅक्टरी होती, तिचे ते अकाउंटंट.

"तिथे थंडी बघायला उत्तरेला जावं लागत नाही, नुसतं वर चढायचं," ते सांगतात. "पायथ्याला केळी, मग कॉफी, चहा. मग ओलं दाट जंगल, मग बांबू. त्याच्या वर माणसाहून उंच, कोबीसारख्या डोक्याची झाडं. आणि शेवटी बर्फ! वारा ज्या अंगाने येतो ते अंग ओलं, पाठ कोरडी. प्रत्येक पट्ट्यातला पक्षी वेगळा, सरडा वेगळा. वरचा खाली आणलात तर जगत नाही हो."

फॅक्टरी बंद पडल्यावर ते इथे, मनामातल्या एका मसाल्याच्या कंपनीत लागले. पण उंची अजून झाडांतच सांगतात. माणसंसुद्धा त्याच मापाने मोजतात. आमचा तापट वॉचमन केळीपट्टा. माझा साहेब? "थेट बर्फ. काही उगवत नाही." मी स्वतः कॉफी. "थोडे कडू, पण कामाचे."

सातवा मजलाही त्यांनी हट्टाने घेतला. म्हणे, वर गेलं की गार. आमच्या घरात बी.एस्सी. झालेला मी पहिला, मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, सात मजल्यांनी हवा विरळ होत नाही. उलट स्लॅब तापतो तुमच्याच डोक्यावर." पहिल्या उन्हाळ्यात त्यांना ते पटलं. "इमारतीला डोंगराचं पोट नाही," असा निकाल देऊन त्यांनी यंदा बेडरूममध्ये मोठा एसी बसवला आणि त्या खोलीला बांबूपट्टा जाहीर केलं.

कारण काकू अजून केनियातच आहेत, खऱ्या बांबूंच्या जरा खाली, एका शाळेत शिकवतात. जन्म तिथलाच, उकाडा सोसत नाही. गेल्या ऑगस्टच्या सुट्टीत आल्या, आजारी पडल्या आणि आठवड्याच्या आत परत गेल्या. यंदा यायचं की नाही, ते ठरत नव्हतं.

"मी महिनाभर राहून बघतोय ना त्या खोलीत," काका म्हणाले. "स्वेटर लागतो म्हणजे तिला चालेल."

आणि परवा दुपारी त्यांचा फोन. "अहो, कम्प्रेसर खलास! मेकॅनिक म्हणतो, उद्या, इंशाल्ला. आणि ती आज तिकिटाचं ठरवणार!"

मी वर गेलो. खोली तव्यासारखी तापलेली. तेवढ्यात काकूंचा व्हिडिओ कॉल आला. काकांनी घाईघाईने स्वेटर चढवला, कानटोपी ओढली आणि फोन उचलला.

"गारठा आहे गं नुसता!"

कानटोपीतून घामाची धार नाकावर आली.

"मग घाम कसला?" काकूंनी विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला खोटं बोलता येत नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी पाहिलं.

मी फोनसमोर जाऊन बसलो. "काकू, एसी बिघडलाय. उद्या दुरुस्त होईल. पण एरवी या खोलीत मला शाल लागते. महिनाभर हे इथे कुडकुडत झोपताहेत. तुम्हाला सोसेल का, ते बघायला."

काका स्वेटरच्या बाहीने कपाळ पुसत होते.

"अहो," काकू म्हणाल्या, "काढा आधी तो स्वेटर. नाहीतर मी येईपर्यंत शिजून निघाल!"

फोन बंद झाला. काकांनी स्वेटर काढला नाही. तसेच घामाघूम उभे राहून मला विचारत होते, "ऐकलंत ना तुम्ही? 'येईपर्यंत' म्हणाली ना?"