बांधावरचा सत्कार

एका जंगलात, बाळांनो, एक ओढा होता. उन्हाळा लागला की तो कुणाला न सांगता निघून जायचा.

मागे उरलेल्या डबक्यात यमूताई बेडकिणीची पिल्लं राहायची. त्यांना पाय फुटायला आठ दिवस होते आणि पाणी चारच दिवसांचं होतं. यमूताईची झोप उडाली.

"सिंहमहाराजांकडे अर्ज कर," सगळे म्हणाले. तिने केला. महाराजांनी पाहणी समिती पाठवली. समितीने डबक्याची पाहणी केली आणि उन्हातून आलो म्हणून ती पोटभर पाणी प्यायली. आता दोनच दिवसांचं उरलं.

"चल गं, आपणच बघू," शेजारची भिकूअक्का घूस म्हणाली. वरच्या झऱ्याचं बारीक पाणी वाया जात होतं. भिकूअक्काने माती उकरली, खेकडेअण्णाने दगड ओढले, यमूताईने चिखल थापला. वीतभर उंचीचा बांध झाला. पाणी डबक्यात तुंबलं. पिल्लं शेपट्या हलवून नाचली.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण बातमी हत्तीसाहेबांच्या कानावर गेली, आणि कान केवढे ते तुम्हाला ठाऊकच आहे! ते सत्कार समितीचे अध्यक्ष. दिवसात एक तरी शाल कुणाला पांघरल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे.

"सत्कार बांधावरच करू," ते म्हणाले. "मागे पाणी असलं की फोटो छान येतो."

"साहेब, बांध वीतभर आहे हो!" यमूताई काकुळतीला आली.

"किती हा विनय!" म्हणत हत्तीसाहेब बांधावर चढले. पाठोपाठ प्रमुख पाहुणे गवेसाहेबही चढले.

तिघांना शाली पांघरून झाल्या. नारळ देऊन झाले. हत्तीसाहेबांनी माईक घेतला. "बंधुभगिनींनो, जग बदलतात ती अशी छोटी माणसंच..."

बांध फुटला.

पाणी भसाभसा निघालं, पिल्लं भगदाडाकडे ओढली जाऊ लागली. यमूताईने हंबरडा फोडला. हत्तीसाहेबांनी तिथल्या तिथे शोकसभा जाहीर केली.

भिकूअक्का मात्र भगदाडाकडे धावली. तिने अंगावरची शाल काढून भगदाडात कोंबली. अण्णाने आपली कोंबली. रडत रडत यमूताईनेही कोंबली. वरून तिन्ही नारळ ठोकून बसवले. पाणी थांबलं.

यथावकाश पिल्लांना पाय फुटले. पहिली उडी त्यांनी थेट पलीकडच्या झुडपात मारली, कारण अलीकडे 'शालीने बांध वाचवल्याबद्दल' दुसऱ्या सत्काराचा मंडप उभा राहत होता.

तात्पर्य: चांगलं काम गुपचूप करावं. बोभाटा झालाच, तर निदान शाल जाड मागून घ्यावी.