हात लावू नये

"वारसा डोळ्यांनी बघायचा, कानांनी ऐकायचा, पण हात? अजिबात नाही!"

हे वाक्य इतिहासाच्या सरांनी विमानतळावर म्हटलं, विमानात म्हटलं, आणि परदेशात उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळ उभं राहून पुन्हा एकदा म्हटलं. सोबतची नववीची मुलं आता त्यांच्या आधीच ओठ हलवायला लागली होती. पण सरांना त्याचं काय! आपली मुलं तिकडच्या शाळेत, मग तिकडची मुलं आपल्या शाळेत, आणि विषय सांस्कृतिक वारसा! ह्या सहलीसाठी त्यांनी मुख्याध्यापिकांच्या खोलीचा उंबरठा झिजवला होता. सगळी शाळा मुख्याध्यापिकांना मोठ्या बाई म्हणायची आणि टरकून असायची. मोठ्या बाईंनी शेवटी सही केली खरी, पण पेनाला टोपण लावता लावता म्हणाल्या, "सर, एक जरी बोभाटा माझ्या कानावर आला ना, तर ह्या शाळेत पुन्हा सहलीचं नाव निघणार नाही. मागच्या टेकडीवरसुद्धा नाही!"

"बोभाटा? आणि माझ्या देखरेखीखाली?" सर छाती काढून म्हणाले. "बाई, तुम्ही निर्धास्त झोपा!"

झोपायचं काम पुढे कुणी केलं, ते येईलच.

त्या फुगवलेल्या छातीवर तेव्हा जी बनियन होती, तिच्याबद्दलही इथेच सांगायला हवं. निघायच्या आदल्या दिवशी सरांच्या बायकोने ती दोरीवरून ओढली आणि म्हणाली, "ही आता फरशी पुसायला घेते मी. चाळण झालीय नुसती!"

"खबरदार!" सरांनी ती हिसकावून घेतली. "अजून दोन वर्षं बघायला नको! खांद्याला जरा टाके घाल."

बायकोने घातले टाके. रागारागाने, हाताला आला तो हिरवा दोरा घेऊन घातले.

असो. पहिल्या शहरात पहिल्याच वस्तुसंग्रहालयात नियम मोडला. मोडणारी मुलगी म्हणजे वर्गातली शंकासुर. खरं नाव हजेरीपुरतं, बाकी दिवसभर ती 'सर, पण असं का?' एवढंच विचारायची. तिने तीनशे वर्षांच्या एका खुर्चीला करंगळी लावली. नुसती करंगळी! सरांनी जागच्या जागी दरबार भरवला.

"जो वस्तूला हात लावेल, तो उरलेल्या सहलीत सगळ्यांच्या बॅगा उचलेल! नियम म्हणजे नियम!"

"सर, पण करंगळी म्हणजे पूर्ण हात होतो का?"

"होतो!"

"आणि हा नियम सगळ्यांना लागू आहे का?"

"सगळ्यांना! मलासुद्धा!" सर जोशात म्हणाले. इथेच त्यांनी जीभ चावायला हवी होती.

रात्रभर बसमध्ये बसून, मान मोडून, मंडळी सकाळी दुसऱ्या गावी पोहोचली. मुलांची सोय वसतिगृहात होती आणि सरांची संचालकबाईंच्या घरी. गावात दोनशे वर्षांपूर्वी एक मोठे घड्याळजी होऊन गेले. त्यांचं राहतं घर जसंच्या तसं जपलं होतं, त्याची सगळी व्यवस्था ह्या संचालकबाई बघायच्या. दुपारी मुलं तेच घर बघणार होती. बाईंनी फोनवर सरांना सांगितलं, "मी जरा बाहेर आहे. बसथांब्यासमोरच्या गल्लीत लाल दार दिसेल. कुंडीखाली किल्ली आहे. आत या, जेवा, झोपा. अगदी आपलंच घर समजा!"

शंकासुराने नियमाप्रमाणे सगळ्यांच्या बॅगा एका ढकलगाडीवर रचल्या आणि मुलांबरोबर वसतिगृहाकडे निघून गेली. त्या बॅगांत सरांचीही बॅग गेली. त्या बॅगेत सरांचा चष्मा गेला! हे सरांच्या लक्षात आलं तेव्हा गाडी कोपऱ्यावरून वळली होती. खांद्यावरच्या पिशवीत टॉवेल, साबणाची वडी आणि फोन, एवढाच काय तो संसार उरला.

गल्लीत लाल दारं दोन होती. एकाला एक लागून, एकसारखी. सर धूसर डोळ्यांनी पहिल्यासमोर उभे राहिले. कुंडी होती, पण कुंडीखाली किल्ली नव्हती. मात्र दार सताड उघडं!

"काय ही माणसं!" सरांना भरूनच आलं. "पाहुणा येणार म्हणून दार उघडं टाकून गेल्या! नाहीतर आमच्याकडे, दाराला दोन कुलपं आणि वर शेजाऱ्यांवर संशय!"

आता खरं काय ते ऐका. हे घर घड्याळजींचं. झाडलोट करणाऱ्या बाईंनी फरशी पुसली, ती वाळावी म्हणून दार उघडं ठेवलं आणि त्या कोपऱ्यावर चहा प्यायला गेल्या, त्या गप्पांत तिथेच रमल्या. संचालकबाईंचं दार शेजारचं. भिंतीवर पाटीही होती हो, पण चष्म्याविना सरांना ती डागासारखी दिसली.

आत शिरताच पायाशी पाण्याने भरलेली बादली! "हातपाय धुवायला पाणीसुद्धा!" सर गहिवरले. त्यांनी तोंड धुतलं, पाय धुतले. पाण्याला छान लिंबाचा वास होता. मग प्रवासात घामेजलेली बनियन त्यांनी त्याच पाण्यात साबण लावून चुबकली.

टेबलावर काचेच्या भांड्यात सफरचंदं होती. सरांनी एक उचलून कचकन चावलं. दात रुतले ते निघेनात! "फारच शिळं दिसतंय," सर मनात म्हणाले, "पण पाहुण्याने नावं ठेवू नयेत." चावलेली बाजू खाली करून त्यांनी ते हळूच जागेवर ठेवलं.

आणि पलंग! चार खांबांचा, गुडघाभर गादीचा, वर जाडजूड रजई. पलंगासमोर दोन खांबांना बांधलेली एक जाड दोरी. "कपडे वाळत घालायला दोरीपण बांधून ठेवलीय!" आता मात्र सरांनी मनोमन हातच जोडले. त्यांनी बनियन झटकून दोरीवर पसरली. शर्ट खुर्चीच्या पाठीवर अडकवला. पँटची घडी मोडू नये म्हणून ती सवयीप्रमाणे गादीखाली सारली, कमरेला टॉवेल गुंडाळला, फोन उशाखाली ठेवला आणि रजईत शिरले. पाठ टेकते न टेकते तोच घोरू लागले.

जाग आली ती माणसांच्या आवाजाने.

"... आणि हे घड्याळजींचं शयनगृह! इथल्या कुठल्याही वस्तूला दोनशे वर्षांत कुणाचा हात लागलेला नाही!"

सरांनी डोळे किलकिले करून पाहिलं, तर दोरीपलीकडे मुलांची रांग! आपलीच मुलं! पुढे एक टक्कल पडलेले गाइडकाका, पोस्टातून निवृत्त झालेले. आज त्यांचा कामाचा पहिलाच दिवस होता, आणि 'मला माहीत नाही' हे शब्द त्यांनी आयुष्यात उच्चारले नव्हते.

सरांच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. बादली! सफरचंद! दोरी! देवा रे, हे घर नाही, हा वारसा आहे! आणि आपण त्याच्यावर टॉवेल गुंडाळून झोपलोय!

उठावं तर टॉवेल सुटलेला. पळावं तर पँट गादीखाली. सरांनी डोळे गच्च मिटले आणि श्वास रोखून धरला.

गाइडकाकांनी पलंगाकडे पाहिलं आणि तेही दचकले. परवा घर दाखवलं तेव्हा तर इथे कुणी नव्हतं! पण संचालकबाई मेणाचा पुतळा आणायचं म्हणत होत्या खऱ्या. आणला असेल. मला कोण सांगतंय!

"आणि हे," काका खाकरून इंग्रजीत म्हणाले, "स्वतः घड्याळजी! मेणाचे!"

रांगेतून एक दबका चीत्कार निघाला. कुणीतरी कुणाला तरी कोपर मारलं. मग शंकासुर फोनमध्ये ऐकू जाणार नाही अशा बेताने, शुद्ध मराठीत, मैत्रिणीशी बोलल्यासारखं करून म्हणाली, "सर, हलू नका. मोठ्या बाई व्हिडिओ कॉलवर आहेत."

सर हलणार कशाला! त्यांची दातखीळच बसली होती. पळभर वाटलं, खरंच मेणाचे झालो असतो तर बरं झालं असतं!

"अरे, फोन जरा जवळ ने पाहू," फोनमधून मोठ्या बाईंचा आवाज आला. "बाई गं! किती हुबेहूब! ह्या माणसाचं नाक थेट आपल्या सरांसारखं आहे. पण सर कुठे आहेत?"

"सर ना, बाई... सर वारशात अगदी बुडून गेलेत," शंकासुर म्हणाली.

"वाटलंच! फार तळमळीचा माणूस!"

शंकासुराने आता गाइडकाकांकडे मोर्चा वळवला. लक्ष पलंगावरून काढायचं, एवढाच तिचा हेतू होता. पण जित्याची खोड!

"काका, दोरीवर हे काय आहे?"

काकांनी बनियनकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम आला, पण माघार नाही! "हे घड्याळजींचं अंतर्वस्त्र. भोकं बघा! दोनशे वर्षांच्या कसरीने खाल्लंय."

"मग ते ओलं का आहे?"

"नदी जवळ आहे. हवा दमट!"

"आणि ह्याला साबणाचा वास का येतो?"

"घड्याळजी फार स्वच्छ होते!"

रजईखाली सरांचं पोट गदागदा हलायला लागलं. हसू की रडू, ते त्यांनाच कळेना.

तेवढ्यात संचालकबाई धापा टाकत आत आल्या. "तुमचे सर कुठे आहेत? माझ्या घरी ते पोहोचलेच नाहीत! किल्ली कुंडीखाली तशीच आहे! मला वाटलं, तुमच्याबरोबर वसतिगृहात गेले असतील..."

"काय? सर हरवले?" मोठ्या बाई फोनमधून किंचाळल्या. "परदेशात? अहो, त्यांच्या घरी मी काय सांगू!"

"थांबा, मी त्यांना फोन लावून बघते!" संचालकबाई म्हणाल्या.

"नको!" सगळी मुलं एका सुरात ओरडली.

पण बाईंनी बटण दाबलं होतं.

सरांच्या फोनला शाळेच्या घंटेचा आवाज लावलेला होता. उशाखालून ती घंटा अशी काही घणाणली, की विचारू नका! तीस वर्षांची सवय, सरांच्या हातात काही राहिलंच नाही. घंटेसरशी ते ताडकन उठून बसले, बोट वर केलं आणि खणखणीत आवाजात गरजले, "वह्या बंद! रांगेने बाहेर!"

मुलं सवयीने रांग धरून दोन पावलं चाललीसुद्धा. गाइडकाकांचे डोळे पांढरे झाले. पुतळा उठला, उघडाबंब उठला आणि वर ओरडला! ते मागच्या मागे घड्याळजींच्या खुर्चीत कोसळले. फोन धरलेल्या मुलाचा हात जागच्या जागी गोठला होता, त्यामुळे मोठ्या बाईंना सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं.

"पण... पण माझं घर शेजारी आहे!" संचालकबाई कशाबशा म्हणाल्या.

"मग तुम्ही म्हणालात ना, आपलंच घर समजा..." सर रजई गळ्यापर्यंत ओढत पुटपुटले. एवढंच सुचलं बिचाऱ्यांना.

"सर," फोनमधून आवाज आला. "ही सहल इथेच संपली. उद्याच्या विमानाने परत या. आणि पुन्हा सहलीचं नाव..."

सरांनी मान खाली घातली. ह्या एका सहलीसाठी किती हाजी हाजी केली होती! आणि आता पुढच्या नववीला, त्याच्या पुढच्या नववीला, टेकडीसुद्धा नाही. ते सुद्धा आपल्यापायी! त्यांना खरोखर रडू आलं.

"बाई, एक शंका आहे," शंकासुर पुढे झाली.

"तुझ्या शंका आता नकोत!"

"एकच, बाई. वस्तूला हात लावला तर सहल बंद, असा नियम कुठे होता? हात लावेल तो सगळ्यांच्या बॅगा उचलेल, एवढाच होता. मी करंगळी लावली, तर मी उचलतेय की नाही? सरांनी सगळं अंग लावलंय. त्यांनी उचलाव्यात. सहल कशाला बंद?"

संचालकबाई दातांचे ठसे उमटलेलं मेणाचं सफरचंद हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांचे ओठ थरथरत होते. रागाने असतील असं सरांना वाटलं. पण त्या एकदम फस्सकन हसल्या आणि पलंगाच्या खांबाला धरून हसतच राहिल्या. इकडे फोनमध्ये मोठ्या बाईंचा चेहरा दिसेनासा झाला, नुसतं केबिनचं छत दिसायला लागलं, आणि त्या छतातून बराच वेळ फिस्स फिस्स असा आवाज येत राहिला.

शेवटी चेहरा परत आला. पदर तोंडावर होता.

"सर," मोठ्या बाई जमेल तितक्या कडक आवाजात म्हणाल्या, "आधी कपडे घाला. मग बॅगा उचला."

उचलल्या हो सरांनी! उरलेल्या सगळ्या गावांतून, सगळ्या जिन्यांवरून, एकट्याने उचलल्या. शंकासुर पुढून मोकळ्या हातांनी चालायची आणि दर वळणावर विचारायची, "सर, पण जड होतं का?" त्या दिवशी पँट मिळाली, शर्ट मिळाला, पण धावपळीत बनियन मात्र दोरीवरच राहिली. घरी आल्यावर सरांनी बायकोला सांगितलं, "विमानात हरवली!" बायको म्हणाली, "बरं झालं, पीडा गेली."

मग तिकडची मुलं आपल्या शाळेत आली. येताना त्यांनी संचालकबाईंनी दिलेला, घड्याळजींच्या घराचा नवा रंगीत फोटो भेट म्हणून आणला. सर तो घरी आणून कपाटामागे दडवत होते, तेवढ्यात बायकोने हातातून घेतला. पलंग होता, रजई होती, दोरी होती. दोरीवर काहीतरी होतं. बायकोने फोटो डोळ्यांजवळ नेला. खांद्यावर हिरव्या दोऱ्याचे टाके! आणि खाली ठळक अक्षरांत पाटी: 'अतिशय नाजूक वस्त्र. कृपया हात लावू नये.'

बायकोने फोटो सरांच्या हातात कोंबला. मग कमरेला पदर खोचून बादलीकडे वळत म्हणाली, "तिकडे पाटी लावून जपताहेत! आणि मी इथे महिनाभर फरशी पुसायला फडकं शोधतेय!"