ट्रिनिटी आणि चौथी

अंथुर्ण्याच्या द्वारकाबाईंचा तीन या आकड्यावर भारी राग. ताटात तीन भाकरी वाढायच्या नाहीत, तिघांचा फोटो काढायचा नाही आणि तिघांनी मिळून चांगल्या कामाला तर मुळीच निघायचं नाही. अशा बाईला देवानं सुना दिल्या तीन, आणि त्या तिघींनी उसाच्या रोपांची नर्सरी काढून तिला नाव दिलं ‘ट्रिनिटी’.

नाव मधल्या सुनेनं, उत्कर्षानं सुचवलेलं. ती इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली.

“आत्याबाई, ट्रिनिटी म्हंजे तिघी निरनिराळ्या, पण मिळून एकच.”

“एकच हाय, तर मग रोज सकाळी भांडतंय कोण?”



नर्सरीची मात्र पंचाईत झाली होती. ट्रेमधली रोपं तयार होती आणि गिऱ्हाईक मिळत नव्हतं. आठवडाभरात ती कुणाच्या रानात गेली नाहीत, तर माल वाया आणि जागा पुन्हा म्हशींना. द्वारकाबाईंनी तसं म्हशींच्या समक्षच सांगितलं होतं. त्यामुळं काटेवाडीच्या विजयमालाकाकींनी पाच एकरांच्या रोपांसाठी बोलावलं, तेव्हा तिघी घाईनं तयार होऊन गाडीशी आल्या.

“तिघीच? तीन तिगाडा, काम बिगाडा!” द्वारकाबाई आडव्या आल्या. त्यांनी थोरल्या रोहिणीला अंगणातला चांगला दहा किलोचा दगड उचलायला लावला, धुतला, हळदकुंकू लावलं आणि वरून हिरवा खण पांघरला. “ही चौथी. पुढं बसवा, मानानं.”

चौथी पुढच्या सीटवर बसताच गाडी टूंटूं करून ओरडायला लागली. रोहिणीनं मुकाट्यानं दगडाला बेल्ट लावला. इकडं द्वारकाबाईंनी काकींना फोन केला. ‘तिघी’ म्हणणंसुद्धा अशुभ, म्हणून त्या म्हणाल्या, “चौघी निघाल्यात.”

काटेवाडीत काकींनी पडवीत चार कप मांडून ठेवले होते. काकी दोनदा सरपंच झालेल्या, त्यामुळं आधी चौकशी आणि मग चहा.

“रोपं कधी पोचतील?”

“उद्या,” धाकटी स्वरूपा म्हणाली.

“परवा,” उत्कर्षा म्हणाली.

“आत्याबाईंना इचारून सांगते,” रोहिणी म्हणाली.

काकींनी नर्सरीचं कार्ड लांब धरून वाचलं. “ह्ये ट्रिनिटी म्हंजे काय?”

“तिघी मिळून एकच,” उत्कर्षा म्हणाली, पण आवाज खाली गेला होता.

“एकच, तर उत्तरं तीन कशी? आन तुमी तर चौघी. त्या चौथीला बोलवा, ती काय म्हणती बघू.”

तिघींनी एकमेकींकडं पाहिलं. दगड आणलाय म्हणावं, तर ऑर्डर गेलीच.

“ती गाडीतच बसती,” रोहिणी म्हणाली. हे खरं होतं आणि इथंच थांबायला हवं होतं.

“लाजती,” स्वरूपानं भर घातली.

“बोलत न्हाय,” उत्कर्षा म्हणाली.

“उनात? एकटीच? जेवली तरी का?”

“ती खातच न्हाय, काकी.”

“कवापासनं?”

“आल्यापासनं,” तिघी एकदमच म्हणाल्या.

काकींनी मान उंच करून गाडीकडं पाहिलं. काचेआड हिरवा पदर डोईवर घेतलेलं, खाली मान घातलेलं, पट्ट्यानं बांधलेलं कुणीतरी दिसलं. काकींचा चेहराच बदलला. “अगं कैदाशिनींनो, पोरीला बांधून घातलीय व्हय गं?”

पाण्याचा तांब्या घेऊन त्या अनवाणीच अंगणात धावल्या. मागोमाग तिघी धावल्या. काकींनी दार उघडलं. “घाबरू नगंस बाय, मी हाय,” असं म्हणत त्यांनी हळूच पदर बाजूला केला.

आत हळदकुंकू लावलेला दगड! मग रोहिणीनं खाली बघत सगळं सांगून टाकलं. स्वरूपाला रडूच आलं. ऑर्डर गेली, नर्सरी गेली, उद्या त्या जागेत म्हैस बांधलेली असणार.

काकी मात्र पोट धरून हसत होत्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, पण पदर डोळ्यांवरून लवकर निघेना.

“माझ्याबी तीन सुना हायत, पोरींनो. घर एक आन चुली तीन. मीठ कमी पडलं तरी एकमेकीकडं मागत न्हायत्या. आन तुमी एका दगडासाठी तिघी एका तोंडानं खोटं बोलला! एकीनं दुसरीला उघडं पाडलं न्हाय.” त्यांनी तांब्यातलं पाणी स्वरूपाच्या हातात दिलं. “रोपं परवा पाठवा. पण आधी मला बघायचीत. चला.”

त्यांनी दगडाचा बेल्ट सोडून त्याला मागं पाठवलं आणि स्वतः पुढं बसल्या. उत्कर्षाकडून तो इंग्रजी शब्द त्यांनी चार वेळा म्हणवून घेतला. गाडी अंथुर्ण्याच्या रस्त्याला लागली तशी त्यांनी थोरल्या सुनेला फोन लावला.

“ऐक गं! आज तीन चुली पेटवू नका. एकच पेटवा आन तिघी मिळून सैपाक करा.” पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू येत राहिलं. काकींनी शांतपणे ऐकून घेतलं.

“का म्हंजे? आल्यावर सांगते. इंग्रजीत हाय.”